‘पंक्चरवाले’ आणि सर्व्होचा पिस्टन

जानेवारीत आमच्या तालुक्याच्या गावी तालीमी जलसा झाला. दरवर्षी होतो. दहावी-बारावीला चांगले मार्क मिळवलेल्या मुलामुलींना ट्रॉफी, पालकांना गुलाबाचं फूल, मग पाहुण्यांची भाषणं आणि शेवटी बिर्याणी. यंदाचे प्रमुख पाहुणे एक निवृत्त अधिकारी होते. माणूस सज्जन, स्वतः गरिबीतून वर आलेला. त्यांनी माइक हातात घेतला आणि पहिलंच वाक्य टाकलं, ‘आखिर कब तक हमारे बच्चे पंक्चर बनाते रहेंगे?’ मंडपात टाळ्यांचा कडकडाट झाला. मीही टाळ्या वाजवल्या. शिक्षकांच्या रांगेत बसलेल्या माणसाला टाळ्या न वाजवणं अवघड असतं, हा बचाव मी स्वतःला देऊन पाहिला. फार टिकला नाही.

दुसऱ्या दिवशी फजरनंतर फोन उघडला तर शारजाहून एक व्हिडिओ आलेला. चौदा मिनिटांचा. पाठवणारा माझा जुना विद्यार्थी. नववी अर्धवट टाकून गॅरेजात गेला, तिथून मामाच्या ओळखीने शारजाच्या इंडस्ट्रियल एरियात. आमच्या कोकणात शारजा, दुबई, कुवेत ही शेजारच्या तालुक्यांसारखी नावं आहेत, त्यामुळे त्यात नवल काही नाही. व्हिडिओसोबत एकच ओळ होती : ‘सर, सलाम. नवीन पोरांना शिकवायला केलाय, बोलण्यात चुकतंय का बघा.’

व्हिडिओत तो एका जुन्या जीएमसी सबर्बन गाडीखाली उभा आहे आणि तिच्या ऑटोमॅटिक गिअरबॉक्समधून सर्व्हो काढतो आहे.

मी तो तीनदा पाहिला. पहिल्यांदा काही कळलं नाही म्हणून. दुसऱ्यांदा कळायला लागलं म्हणून. तिसऱ्यांदा पाहिला तो कालच्या टाळ्या आठवल्या म्हणून. आज जे लिहितोय ते त्या टाळ्यांच्या विरोधात आहे, आणि पहिला आरोपी मीच आहे.

‘पंक्चरवाला’ हा शब्द आपल्याला का फेकून मारला जातो हे मी इथे फोड करून सांगायची गरज नाही. कुठल्याही बातमीखाली, कुठल्याही मुस्लिम नावाच्या पोस्टखाली तो सापडतो. मारणाऱ्याबद्दल आज मला फारसं बोलायचं नाही. ज्याला हाताने काम करणारा माणूस खालचा वाटतो त्याचा रोग जुना आहे, आणि या देशात त्या रोगावर फुले-आंबेडकरांपासून पुष्कळ लिहिलं गेलंय. मला बोलायचंय ते आपल्या उत्तराबद्दल. कोणी पंक्चरवाला म्हटलं की आपण काय करतो? यूपीएससीच्या यादीतली मुस्लिम नावं शोधून फोटोंचा कोलाज करतो. डॉक्टर, कलेक्टर, पायलट मुलगी. आणि खाली लिहितो, ‘हे बघा आमचे पंक्चरवाले.’ म्हणजे शिवी देणाऱ्याचं म्हणणं आपण मुकाट्याने मान्य करतो. पंक्चर काढणं ही लाज आहे, हे त्याचंही मत आणि आपलंही. वाद एवढाच, की आमच्यात ते आता कमी राहिलेत!

तर आता त्या व्हिडिओत काय आहे ते सांगतो. जरा सविस्तर सांगतो. कंटाळा आला तरी वाचा, कारण आपण ज्याला ‘गॅरेज लाइन’ म्हणून हात झटकतो ती नेमकी काय असते हे माहीत नसताना आपण त्यावर वर्षानुवर्षं भाषणं ठोकतोय.

गाडीतला गिअरबॉक्स जनरल मोटर्सचा. त्याला ४एल६०ई म्हणतात. नावाचा अर्थ त्यानेच सांगितला. पुढचे गिअर चार. एल म्हणजे गाडीच्या लांबीत बसवलेला. साठ हा ताकदीचा आकडा. आणि ई म्हणजे इलेक्ट्रॉनिक. १९८२ साली याचा थोरला भाऊ आला, त्याचं नाव ७००आर४. हा इलेक्ट्रॉनिक धाकटा १९९३ पासूनचा. आखातात या कंपनीच्या मोठ्या गाड्या भरपूर, त्यामुळे शारजात हा बॉक्स म्हणजे रोजचा पेशंट.

तक्रार अशी होती. पहिल्या गिअरमध्ये गाडी नीट निघते. दुसरा पडायच्या वेळेला इंजिन नुसतं ओरडतं, काटा वर जातो, गाडी मात्र जोर धरत नाही. तिसरा पडला की पुन्हा पकडते. चौथ्यात परत तीच रड. मालकाला एका ठिकाणी सांगितलं होतं की अख्खा गिअरबॉक्स खाली उतरवावा लागेल.

आता इथे माझा नववी नापास विद्यार्थी काय म्हणतो ऐका. तो म्हणतो, पहिला चांगला, तिसरा चांगला, बिघडलेत फक्त दुसरा आणि चौथा. मग या दोघांत सारखं काय आहे? सारखा आहे तो पट्टा. आत एक पोलादी ड्रम फिरत असतो, त्याच्याभोवती एक पट्टा गुंडाळलेला असतो, आतून घर्षणाचं अस्तर लावलेला. तो पट्टा आवळला की ड्रम थांबतो आणि दुसरा गिअर मिळतो. तिसऱ्यात पट्टा सुटतो. चौथ्यात तोच पट्टा पुन्हा आवळतो. आणि तो आवळणारा हात म्हणजे सर्व्हो. तेलाचा दाब पिस्टनवर येतो, पिस्टन एका जाड पिनेला ढकलतो, पिन पट्ट्याच्या टोकाला दाबते. दुसऱ्या गिअरसाठी एक पिस्टन, चौथ्यासाठी दुसरा, दोघे एकाच भोकात एकामागे एक बसलेले. तिसऱ्या गिअरला तेल पहिल्या पिस्टनच्या उलट बाजूला जातं आणि त्याला मागे सारतं. म्हणून तो म्हणाला, बॉक्स उतरवायच्या आधी बाहेरून हात पोचतो तिथे बघू. सर्व्हो बाहेरून निघतो.

माझ्या बी.एड.च्या पुस्तकात या विचारपद्धतीला एक भारदस्त नाव होतं. निरीक्षण, वर्गीकरण, समान घटक शोधणं, अनुमान, पडताळा. त्यावर मी एक पाठ टाचण लिहिलं होतं आणि परीक्षकांनी ‘छान’ असा शेरा दिला होता. या पोराने ते पाठ टाचण न लिहिता करून दाखवलं.

पुढे काढण्याची कृती. गाडी लिफ्टवर. प्रवाशाच्या बाजूला, म्हणजे तिथल्या गाड्यांच्या उजव्या अंगाला, गिअरबॉक्सच्या तेलाच्या पॅनच्या जरा वर एक गोल ढक्कन दिसतो. साधारण चहाच्या बशीच्या आतल्या गोलाएवढा. सायलेन्सरचा पाइप आड येतो, त्याच्यामागून हात घालायला लागतो, म्हणून गाडी आधी थंड होऊ द्यायची. हे त्याने दोनदा सांगितलं. कोपराजवळचा भाजल्याचा डागही दाखवला. तेल आधी काढून घेतलं. ते बोटावर घेऊन वास घेतला. जळका वास नव्हता, रंगही काळा पडला नव्हता. तो म्हणाला, हे तेल जळकं आणि काळं असतं तर मी सर्व्होला हातच लावला नसता, कारण मग पट्टाच गेलेला असतो आणि मालकाच्या दोन दिवसांच्या खर्चाला अर्थ उरत नाही.

ढक्कन बोल्टवर बसत नाही. तारेसारख्या एका गोल रिंगने अडवलेलं असतं, आणि आतून स्प्रिंग ते बाहेर ढकलत असते. म्हणून आधी ढक्कन आत दाबायचं, रिंगवरचा ताण गेला की केसिंगला असलेल्या छोट्या खाचेतून बारीक पेचकस घालून रिंगचं एक टोक उचलायचं, आणि रिंग फिरवत बाहेर घ्यायची. दाबायला कंपनीचं हत्यार मिळतं. त्याच्याकडे ते नाही. त्याने लोखंडाची एक पट्टी घेतली, दोन भोकं पाडली, पॅनच्याच दोन बोल्टांवर ती कसली, मधल्या भोकात एक लांब बोल्ट फिरवत नेला आणि त्या बोल्टने ढक्कन हळूहळू आत दाबलं. मी नंतर कंपनीच्या हत्याराचं चित्र पाहिलं. तेही तसंच आहे. फक्त त्याला रंग दिलाय आणि किंमत लावलीय.

रिंग निघाल्यावर लगेच ढक्कनासमोर तोंड न्यायचं नाही. बोल्ट सावकाश सैल करायचा, स्प्रिंगला तिचा जोर संपवू द्यायचा. ढक्कनाच्या कडेचं ओ-रिंग जुनं होऊन चिकटलेलं असतं. पक्कडीने धरून थोडं डावीउजवीकडे हलवत ओढायचं, पेचकसाने उचकटायचं नाही. उचकटलं तर ॲल्युमिनियमच्या भोकाला चरा पडतो, आणि मग नवं सील टाकलं तरी त्या चऱ्यातून तेल निसटतं. ढक्कनापाठोपाठ चौथ्याचा पिस्टन, मग मधलं हाऊसिंग, मग दुसऱ्याचा पिस्टन त्याच्या पिनेसकट, आणि शेवटी स्प्रिंग. प्रत्येक वस्तू निघाली त्याच क्रमाने त्याने एका स्वच्छ फडक्यावर मांडली. दुसऱ्याच्या पिस्टनवरचं सील कडक झालं होतं आणि एका जागी कापलेलं होतं. दाब तिथून गळत होता. आवळणाऱ्या हातातला जोरच गेला होता.

इथपर्यंत बघून मला वाटलं, संपलं. पण त्याने पिन उचलून कॅमेऱ्यासमोर धरली. म्हणाला, ही सगळ्यात महत्त्वाची. या पिनेच्या लांब्या वेगवेगळ्या येतात. कारखान्यात प्रत्येक बॉक्सला मोजून पिन बसवतात, ओळखीला तिच्यावर खाचा असतात. दुसऱ्या बॉक्सची पिन यात घातली, तर लांब पडली की पट्टा पूर्ण सुटत नाही आणि जळतो, आखूड पडली की पूर्ण आवळत नाही आणि घसरतो. ‘ये पिन का हिसाब उस्ताद ने मुझे तीन साल नहीं बताया,’ तो हसत म्हणाला. ‘जब पिन डालने का टाइम आता, मुझे चाय लाने भेज देते.’

त्या एका वाक्यापाशी मी थांबलो. पुढचं माझं सगळं भांडण त्या चहाशी आहे.

पण आधी एक आडवळण, भाषेचा मास्तर आहे म्हणून. सर्व्हो हा शब्द लॅटिनमधल्या ‘सर्वस’ या शब्दाच्या घराण्यातला. सर्वस म्हणजे गुलाम, चाकर. फ्रान्समध्ये जोसेफ फार्को नावाच्या इंजिनिअरने जहाजाचं जड सुकाणू वळवायला वाफेचं यंत्र जोडलं आणि १८७३ मध्ये त्यावर पुस्तक काढलं, तिथून ‘सर्व्हो-मोटर’ हे नाव रुजलं. माणसाने नुसतं बोट हलवावं आणि जोर दुसऱ्या कोणी लावावा, तो दुसरा म्हणजे सर्व्हो. उर्दूत म्हणायचं तर खिदमतगार. वर बसलेला गिअरची दांडी ‘डी’वर टाकून एसी वाढवतो आणि खाली अंधारात हा पट्टा आवळत राहतो. दिसत नाही, आवाज करत नाही. निकामी झाला की मगच त्याचं नाव कळतं. यावर मला आणखी काही सुचतंय, पण ते तुम्हालाही सुचलं असेल.

तर चहा. उस्तादाने शागिर्दाला पिनेच्या वेळी चहाला पाठवणं हा आपल्या हुनरबाजारातला सर्वांत जुना आजार आहे. आपण उस्ताद-शागिर्दी या शब्दांवर शेर म्हणतो, पण गॅरेजात दहा-दहा वर्षं काढलेल्या किती पोरांना ‘का’ माहीत असतं? कसं ते माहीत असतं, बघून बघून हात बसतो. का ते उस्तादाने खिशात ठेवलेलं असतं, कारण पोरगं शिकलं की समोरच्या गल्लीत स्वतःचं शटर उघडेल ही भीती. ही भीती खोटी नाही. तिच्यामागे पोट आहे. पण तिची किंमत काय पडली ते बघा. प्रत्येक उस्ताद मेला की त्याच्याबरोबर एक अख्खी पोथी कब्रस्तानात जाते. आपल्याकडे इतकी गॅरेजं, आणि मिस्त्रीने लिहिलेलं एक पुस्तक मला उर्दूत किंवा मराठीत दाखवा. मी शोधतोय.

भाषणात आपण अल-जझरीचं नाव घेतो. त्याचं चित्र हत्तीच्या घड्याळासकट फेसबुकवर फिरतं. पण हा माणूस नेमका मोठा कशासाठी? दियारबकरच्या दरबारात काम करणारा हा यंत्रांचा कारागीर. १२०६ मध्ये त्याने आपली यंत्रं कशी बनवायची ते चित्रांसकट, मापांसकट लिहून ठेवलं, म्हणून आठशे वर्षांनी लोक त्यावरून ती पुन्हा उभी करू शकले. त्याने शागिर्दाला चहाला पाठवलं नाही. आपण नेमकी तेवढीच गोष्ट सोडून बाकी सगळ्याचा अभिमान बाळगतो.

गॅरेजवाल्यांना एवढं बोललो, आता माझी पाळी. माझी, म्हणजे शाळेची.

हा पोरगा नववीत होता तेव्हा सकाळी शाळा आणि दुपारनंतर गॅरेज करायचा. वडील आजारी होते. तो तिसऱ्या बाकावर बसायचा आणि वहीच्या कडांवर नेहमी काळे ठसे असायचे. एकदा मी त्याला उभं केलं आणि सगळ्या वर्गासमोर म्हणालो, ‘ही असली नखं घेऊन माझ्या वर्गात यायचं नाही. आधी माणसासारखा होऊन ये.’ मुलं हसली. तो दोन दिवस आला, हात खिशात घालून बसला. मग आला नाही. मी हजेरीपटावर महिनाभर ‘गै’ लिहिलं आणि नंतर नाव कमी केलं. वार्षिक तपासणीत साहेबांनी गळतीचं कारण विचारलं तर मी म्हणालो, ‘घरची परिस्थिती आणि पालकांची उदासीनता.’ साहेबांनी मान डोलावली. तेच कारण सगळ्या शाळांत असतं.

त्याच आठवड्यात मी वर्गाला निबंध दिला होता, ‘माझा आवडता छंद’. त्याने काय लिहिलं असतं? गिटार वाजवणं? पोस्टाची तिकिटं जमवणं? त्या वेळी मी ‘तू काल गॅरेजात काय उघडलंस ते दहा ओळींत लिही’ असं म्हटलं असतं तर क्रियापदं, विभक्ती, क्रमदर्शक शब्द, आधी-मग-नंतर-शेवटी, सगळं व्याकरण त्याच्या बोटांतून उतरलं असतं. हे मला तेव्हा सुचलं नाही असं नाही. हे मला शिकवलं गेलं होतं! बी.एड.ला वर्धा योजनेवर टीप हमखास यायची. १९३७ च्या ऑक्टोबरात आपल्याच वर्ध्याला परिषद भरली, गांधीजींची नई तालीम मांडली गेली आणि अभ्यासक्रमाचा आराखडा करणाऱ्या समितीचे अध्यक्ष होते डॉ. झाकिर हुसैन. हाताच्या उद्योगातून भाषा, गणित, विज्ञान शिकवायचं. मी ती टीप पाठ केली, मार्क घेतले आणि नोकरीला लागल्यावर पहिल्या काळ्या नखांच्या पोराला वर्गाबाहेर काढलं. झाकिरसाहेबांचा फोटो आमच्या स्टाफरूममध्ये आजही आहे. दर वर्षी हार घालतो.

आपली आडनावं एकदा वाचून बघा. अत्तार, मणियार, तांबोळी, नदाफ, शिकलगार, मोमीन, बागवान. ही सगळी कामांची यादी आहे. कोणी कापूस पिंजला, कोणी पाती परजली, कोणी बांगड्या भरल्या. लग्नपत्रिकेवर ही आडनावं सोनेरी शाईत छापायला आपल्याला चालतात, पण सोयरीक जमवताना मुलगा गॅरेजात आहे म्हटलं की चेहरे पडतात. आणि जे स्वतःला या यादीच्या वरचे समजतात, त्यांच्या घरात तर विषयच निघत नाही. समतेच्या गप्पा आपण फार मारतो. सफ सरळ करून उभं राहताना बाजूच्याच्या हाताला ग्रीस लागलेलं असेल तर आपला खांदा किती इंच सरकतो, तेवढं मोजा.

आता समोरून येणारा प्रश्न मला माहीत आहे. जलशानंतर एका सहकाऱ्याला हे सगळं बोललो तर त्याने तो विचारलाच. ‘सर, तुमची मुलगी अकरावी सायन्सला, क्लासची फी भरताय. ती जाणार का गॅरेजात? गरिबाच्या पोराला हुनरच्या गोड गोष्टी सांगून तिथेच ठेवायचंय का?’

प्रश्न खरा आहे आणि मला टोचला. सच्चर समितीने २००६ मध्ये दाखवलं की मुसलमान स्वतःच्या छोट्या धंद्यांत, दुरुस्तीत, कारागिरीत जास्त सापडतात आणि पगारी नोकरीत कमी. ही आवड नव्हे, दरवाजे बंद असल्याचा तो पुरावा आहे. पोरगं गॅरेजात जातं ते बहुतेक वेळा दुसरीकडे कोणी घेत नाही म्हणून. आणि चौदा वर्षांखालच्या मुलाला कामाला ठेवणं हा गुन्हा आहे, तिथे हुनर-बिनर काही नाही. यात माझी तडजोड नाही. माझ्या विद्यार्थ्याने नववी सोडायला नको होती. त्याला शाळेत ठेवणं माझं काम होतं आणि मी ते केलं नाही.

पण सहकाऱ्याचा प्रश्न दोनच खोल्या धरून चालतो : एक वर्ग, एक गॅरेज. पोरगं इथे तरी असेल किंवा तिथे. मी म्हणतो, मधली भिंत कोणी बांधली? आयटीआयला मोटर मेकॅनिकचा दोन वर्षांचा कोर्स आहे, त्याला दहावी पास लागते. म्हणजे ज्याचा हात सर्वांत आधी बसलाय तोच दाराबाहेर. जो आत जातो त्याला पुस्तक मिळतं, गिअरबॉक्स कापून ठेवलेला मिळतो, चालता मिळेलच असं नाही. आणि जो बाहेर राहतो त्याच्याकडे चालते गिअरबॉक्स आहेत, पुस्तक नाही. दोघे एकाच शहरात राहतात आणि एकमेकांना भेटत नाहीत.

कागदाची ही लढाई फक्त गल्लीतली नाही, हेही सांगायला हवं. २०१४ च्या ऑगस्टमध्ये भारतीय स्पर्धा आयोगाने चौदा मोटार कंपन्यांना मिळून सुमारे २,५४५ कोटी रुपयांचा दंड ठोठावला. आरोप काय होता? सुटे भाग, तपासणीची यंत्रं आणि दुरुस्तीची माहितीपुस्तकं या कंपन्या बाहेरच्या स्वतंत्र गॅरेजांना मिळू देत नव्हत्या. प्रकरण पुढे अपिलात गेलं, वकिलांची चंगळ झाली. पण मुद्दा बघा. एवढ्या मोठ्या कंपन्यांनाही रस्त्यावरच्या मिस्त्रीच्या हातात माहितीपुस्तक पडू द्यायचं नव्हतं. हत्यार त्याच्याकडे असलं तरी चालेल, कागद नको. पिनेच्या वेळी चहाला पाठवणारा उस्ताद आणि या कंपन्या यांच्यात मला फरक दिसतो तो फक्त रकमेचा.

आणि आपले जलसे? या निकालावर, दुरुस्तीच्या हक्कावर, गॅरेजवाल्यांच्या संघटनेवर, त्यांच्या पोरांसाठी रात्रीच्या वर्गांवर मी गेल्या दहा वर्षांत एकाही तालीमी जलशात एक वाक्य ऐकलेलं नाही. मंडपाची वर्गणी मात्र गॅरेजवाल्यांकडून घेतो. तीही भरघोस. यंदाच्या जलशात मागच्या खुर्च्यांवर दोन गॅरेजमालक बसले होते. ‘कब तक पंक्चर’ या वाक्याला त्यांनीही टाळ्या वाजवल्या, हे मी डोळ्यांनी पाहिलं. स्वतःच्या हाताविरुद्ध त्याच हाताने वाजवलेली ती टाळी मला अजून ऐकू येते.

माझ्या विद्यार्थ्याला पिनेचं गणित कसं कळलं ते सांगायचं राहिलं. त्याचा उस्ताद पेशावरकडचा. दोघांमध्ये भाषा उर्दू. गंमत बघा, आमच्या शाळेतली जी उर्दू ‘कशाला शिकायची, पोट भरते का’ म्हणून लोक नाकं मुरडतात, तीच तिथे त्याच्या कामाची भाषा झाली. ढक्कन, पट्टा, तार का लॉक, रबर, पिन, हिसाब. पण हिसाब उस्ताद देईना. मग त्याने कंपनीच्या मॅन्युअलची पानं कुठून तरी मिळवली. इंग्रजी. रात्री खोलीवर एकेक शब्द फोनवर टाकत, चित्रावर बोट ठेवत तो ती वाचत गेला. खाचांचा तक्ता सापडायला त्याला किती रात्री लागल्या ते त्याने सांगितलं नाही. ‘सर, वाचायची सवय तुम्हीच लावली होती,’ एवढं म्हणाला. हे वाक्य त्याने मनापासून म्हटलं की मला बरं वाटावं म्हणून, मी विचारलं नाही.

आणि मग तो व्हिडिओ. तीन वर्षं चहाला पाठवलेल्या पोराने पिन कॅमेऱ्यासमोर धरली आणि जे कोणी बघेल त्याला तिचा हिसाब फुकट सांगून टाकला. मी विचारलं, ‘उद्या याच पोरांनी समोर शटर उघडलं तर?’ तो म्हणाला, ‘उघडू दे ना सर. गाड्या काय कमी आहेत?’

मी त्याचं बोलणं तपासलं. दोन ठिकाणी ‘हाऊसिंग’ला ‘हौसिंग’ म्हणाला होता, ते राहू दिलं. उलट त्यानेच माझी चूक काढली. या लेखाचा पहिला खर्डा त्याला पाठवला होता. मी दुसऱ्याचा पिस्टन आधी आणि चौथ्याचा नंतर काढला होता. त्याचा आवाजी निरोप आला : ‘सर, उलटं झालं. बाहेरून आत जाताना चौथा आधी भेटतो. असं काढायला गेलात तर हात अडकेल.’ वर वाचलंत ते त्याने दुरुस्त केलेलं आहे.

गेल्या महिन्यात नववीच्या घटक चाचणीत मी पाच मार्कांचा एक प्रश्न घातला. ‘घरातली किंवा कामाच्या जागेवरची कोणतीही वस्तू उघडून दुरुस्त करण्याची कृती क्रमाने लिहा.’ मुख्याध्यापकांनी विचारलं, हे अभ्यासक्रमात कुठे आहे. मी उपयोजित लेखन म्हणालो, ते गप्प बसले. बत्तीस पेपर आले. एकाने सायकलची चेन लिहिली, तिघांनी चक्क पंक्चर. त्यातल्या एकाने ट्यूब पाण्यात धरून बुडबुडे शोधण्यावर सहा ओळी लिहिल्यात. एका मुलीने आईच्या शिलाई मशीनची बॉबिन केस काढून, अडकलेला धागा सोडवून परत बसवण्याची कृती लिहिली होती. शेवटी स्वतःहून एक सूचना : चाकावर पाय पडणार नाही असं आधी बसा. ‘बॉबिन’चं ‘बाबीन’ झालं होतं. लाल पेन उचललं होतं, ते खाली ठेवलं आणि पाचपैकी पाच दिले. पंक्चरवाल्या तिघांचे पेपर अजून तपासायचे आहेत.